चकात गोल, बाहेर तिकोनी

आरमोरी, मंगळवार, दुपार
(लाइन गेली हाय, म्हणून लिहाले बसली)

आदरणीय खैरुनचाची,

रंजीताचा सलाम आन् नमस्कार, दोन्ही एकाच पाकिटात पाठवून राह्यली. तुमाले जो लागन तो ठेवून घ्या, उरलेला चाचाले द्या. इथी आमी बरे हावो. आईचा गुडघा दुखते, पण तो दुखला नाई तं तिले करमतच नाई. तुमची तब्येत कशी हाय? चाचाच्या ऑपरेशनच्या डोळ्यावरचा काळा चष्मा निघाला का? औषधाचा थेंब टाकतानी ते डोळा घट्ट मिटून घेतात, असं तुमची लेक जोया चाचाच्या हातातला फोन घेऊन मले सांगत होती. (आरमोरीत पस्तीस वर्षं लेथ चालवली, लोखंड-पितळ कापलं ह्या माणसानं. गरम बुरादा गालाले चिकटला तरी डोळा हालत नोहता. आन् आता थेंबाले घाबरतात! काय म्हणाव बाप्पा.) लेकीच्या घरी आराम करा म्हणाव त्याईले. आलापल्लीची हवा चांगली हाय, झाडं हायेत, आन् लेथ नाई, ही सर्वात चांगली गोष्ट हाय.

आन् तुमी जातानी मी देलेला सागाचा पोळपाट कसा हाय? मधात खड्डा हाय म्हणून पोळी वाटीसारखी होते, असं जोया म्हणत होती. चाची, लाटत राहा. सागाचं लाकूड हाय, दहा-पंधरा वर्षात सपाट होईन. तो पाट मी तुमच्या हातात देला तवा चाचा इतके हासले, इतके हासले, का ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी आलं आन् तुमी त्याईले रागावल्या. मले वाटलं खुशीनं हासले. आपल्या दुकानातली वस्तू लेकीच्या घरी चालली म्हणून. मी बी संगं हासली.

तुमी म्हणान, पोरी, फोन असतानी पत्र काऊन? तं फोन राह्यते चाचाच्या खिशात. मी 'हॅलो' म्हणाच्या आधी ते मागचा मशीनचा आवाज ऐकतात आन् म्हणतात, हत्यार बोथट झालं हाय, घास. मांगच्या वेळी मी मशीन बंद करून फोन केला, तं म्हणाले, मशीन बंद काऊन हाय? ह्या माणसापासून फोनवर काई लपत नाई. म्हणून हे पत्र धनराजभाऊ कंडक्टरच्या हातानं पाठवून राह्यली. त्याची आलापल्लीची ड्यूटी गुरुवारी हाय. त्याले बजावून सांगतलं हाय का फक्त चाचीच्या हातात द्याचं.

लपवाचं काय हाय ते सांगतो. तुमाले आठवते ना, जायाच्या दिवशी चाचानं सर्वाईसमोर काय म्हणलं होतं? सहा वर्षं शिकवलं, आता दिवाळीपर्यंत एकटी दुकान चालव. मले एकदाही बोलावलं नाई, कामातलं एकही इचारलं नाई, तं मशीन तुई. बोलावलं का इचारलं, तं मशीन श्रीहरीभाऊची. आन् श्रीहरीभाऊ, समोरच्या राइस मिलचा मालक, तिथीच उभा होता. त्याले आपल्या मिलचं काम घरच्या घरी कराले लेथ पाह्यजे हाय, म्हणून तो तवापासून दररोज सकाळी चहाचा गिलास हातात घेऊन आपल्या दुकानासमोर येते आन् मशीनकडे असा पाह्यते, जसं कोणी सोयरीक पक्की झालेल्या पोट्टीले पाह्यते. माया आयुष्यात माया नावानं काई असन तं ते फक्त आयटीआयचं टर्नरचं सर्टिफिकेट हाय. ही मशीन गेली तं मी कुठी जाऊ? नागपूरले जाऊन कारखान्यात बारा तास एकच नट कापत बसू? मी मरून जाईन पण चाचाले इचारणार नाई. तं हे पत्र म्हणजे इचारणं नोहे. हे फक्त सुखदुःखाचं पत्र हाय, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचाव.

तं झालं असं. मांगच्या सोमवारी जंगलाकडच्या गावातला दसरूभाऊ आला. तुमी त्याले पाह्यलं हाय, कमी बोलणारा, दारात उकिडवा बसते तो. त्याच्या गावाचा नदीवर एक पंप हाय, साऱ्या गावाच्या धानाले तोच पाणी देते. पाऊस गेला रुसून, धानाची लोंब बाहेर पडाची वेळ, आन् पंप नुसता गुरगुरते, पाणी फेकत नाई. आत पंख्याभोवती एक पितळी रिंग राह्यते, ती घासून गेली होती. चार इंच आरपार, आन् जाडी एक सूत, म्हणजे कागदापेक्षा जास्त आन् बाजारातल्या बिस्किटापेक्षा कमी. दसरूभाऊनं पंखा आणला, जुनी रिंग आणली, आन् जाड पितळी नळीचे तीन तुकडे आणले. म्हणजे चुका कराले दोनच संधी. मी म्हणलं, दोन दिवसात देतो. (हे मी काऊन म्हणलं ते मले अजून बी माहीत नाई.)

आता चाची, तुमी स्वयंपाकवाल्या, तुमाले समजन असं सांगतो. लेथवर कापणं सोपं हाय. कठीण हाय ते पकडणं. वस्तू कशात पकडाची, किती दाबाची, आतून का बाहेरून, हे एकदा ठरलं का बाकीचं मशीन करते. आपल्याकडे तीन जबड्यांचा चक हाय, म्हणजे मशीनची फिरती मूठ. किल्ली फिरवली का तिन्ही जबडे एका वेळी बीचमधात येतात, काई डोस्कं लावाची गरज नाई. चाचा त्याले आळशाचा चक म्हणतात. मंग चार जबड्यांचा हाय. त्याचा एक-एक जबडा वेगवेगळा सरकवा लागते, त्याले चाचा काईच म्हणत नाई, फक्त तो लावतानी मले जवळ बोलावत. मंग फेसप्लेट हाय, म्हणजे खाचा असलेली मोठी लोखंडी थाळी, तिच्यावर वस्तू बोल्टनं आवळाची. कोणच्या वेळी काय लावाव, हे मी आयटीआयच्या पुस्तकात पाह्यलं. तिथी लिहलं हाय, 'कामाच्या आकारानुसार योग्य पकड निवडावी.' योग्य कोणची, ते पुढच्या पानावर असन म्हणून पान उलटलं, तं परीक्षेचे प्रश्न. मोबाइलवर एक माणूस पाह्यला. तो म्हणते तीन जबडे बहुत झाले. त्याच्या खाली दुसरा म्हणते, तीन जबडे लावणाऱ्यानं हे काम सोडून द्याव. मी दोघाईचं बी ऐकलं आन् झोपून गेली.

पहिला तुकडा मी तीन जबड्यांत पकडला. बाहेरून माप आणलं, पलटवला, आतून खराडला, म्हणजे हत्यारानं कातला. काय सांगू चाची, असा गोल झाला का मले माझाच हेवा वाटला. चकात असतानीच मापून पाह्यला, चारही दिशेनं एकच माप. किल्ली फिरवून काढला, दसरूभाऊच्या हातात देला. त्यानं आत पंखा ठेवून फिरवला. कर्र, कर्र, कर्र. एका फेऱ्यात तीन वेळा. तो म्हणाला, "बाई, तीन जागी लागते." मी म्हणलं असं होऊच शकत नाई, आन् रिंग परत मापली. माप म्हणते गोल. पंखा म्हणते नाई. आडवी मापा, उभी मापा, तेवढीच. पण पंखा तीन जागी अडते म्हणजे अडते. आता कोणाचं ऐकाव? मी दसरूभाऊले म्हणलं पंखाच तिकोनी असन. त्यानं पंखा उचलून माया डोळ्यासमोर धरला आन् हळूच एक फेरा फिरवून दाखवला. त्याची हीच सवय मले आवडत नाई.

मले हे समजाले पुरा एक दिवस लागला. पातळ वस्तू होय ना ती. तीन बाजूनं आवळली का दबते. दबलेल्या अवस्थेत मी तिले आतून गोल केली. सोडली का ती आपल्या जागेवर परत गेली, आन् मी केलेला गोलपणा गेला तिच्यासंगं. (एका बाजूनं फुगली तेवढी समोरून दबली, म्हणून आडवं-उभं माप सारखंच येते.) म्हणजे आवळलेली असेपर्यंत शहाणी, आन् सुटली का आपल्या मूळ सोभावावर. (आई म्हणाली, तुया बापाचं बी असंच होतं, माया माहेरी दोन दिवस एकदम गोल राहाचे.) समजलं तं खरं, पण समजून फायदा काय? आवळली तं तिकोनी होते, नाई आवळली तं फिरत नाई.

मंग मले वाटलं, तीनपेक्षा चार चांगले. चार जबड्यांचा चक चढवला. हे एकटीनं करणं म्हणजे, चाची, मी तुमाले काय सांगू. एक जबडा आत घेतला का समोरचा ढिला, समोरचा आवळला का बाजूचा रुसला. वस्तू बरोबर मधात हाय का ते सांगणारा सुईचा डायल लावून बसली सकाळी नऊले, आन् सुई जागेवर आली तवा अन्नपूर्णाबाईनं दुपारचा चहा आणला होता. (तिची टपरी आता आपल्या भिंतीले लागून हाय, शेड वाढवली तिनं.) आतून खराडला. काढला. दसरूभाऊनं पंखा फिरवला. कर्र, कर्र, कर्र, कर्र. चार वेळा. आता ह्याले सुधारणा म्हणाव का बिघाड, हे मले कोणी सांगन का? मी तुमाले इचारत नाई, असंच म्हणून राह्यली.

तरी त्या तुकड्यात खराडाले जरासा माल बाकी होता. म्हणलं, दाब कमी ठेवू. इतका कमी का तिले समजूच नये का पकडलं हाय. तिले खरंच नाई समजलं. मशीन चालू केली, हत्यार टेकवलं, आन् रिंग चकातून निघाली ते सरळ दारातून बाहेर, रस्ता पार करून, श्रीहरीभाऊच्या स्कूटरच्या चाकाले लागून थांबली. कोणाले लागली नाई ही देवाची कृपा. (मी बाजूले उभी होती. चकाच्या समोर उभं राहाचं नाई, हे चाचानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. तेवढं एक मी कधी विसरत नाई.) श्रीहरीभाऊ दोन बोटात रिंग धरून आला. मोठ्या आदबीनं म्हणते, "रंजीताबाई, तुमचं काई पडलं. चाचाले फोन लावू का?" असा संताप आला मले! मी म्हणलं, भाऊ, ही तपासणी होती, रिंग किती दूर जाते ते पाहाची असते. तो मान हालवत गेला. संध्याकाळपर्यंत मिलमधले हमाल बी मले इचारून राह्यले, बाई, आज किती दूर गेली?

ती रिंग तं आपटून वाकडी झाली. राह्यला एक तुकडा. त्याले बाहेरून बरोबर माप आणून ठेवलं हाय, आतून खराडाचं बाकी हाय, आन् त्याले हात लावाचीच हिंमत होत नाई. काल मले वाटलं लाख लावून पाहाव. आपल्या जंगलातलीच लाख, सोनार वापरते तशी. फेसप्लेट गरम करून लाख वितळवली, रिंग चिकटवली, थंड होऊ देली. पकड अशी बसली का आवळाची गरजच नाई. मी खुशीत गाणं म्हणून राह्यली होती. पण कापतानी पितळ गरम झालं, आन् पितळ गरम झालं म्हणून लाख बी गरम झाली, आन् रिंग हळूच सरकून खाली आली, जसं लहान लेकरू मांडीवरून उतरते. नशीब, ओरखडा बी आला नाई. पण फेसप्लेट अशी चिकट झाली का माशा बसून राह्यल्या. दसरूभाऊ दररोज येते, दारात बसते, इचारते, "झालं का?", आन् वर आभाळाकडे पाह्यते. मले वाटते तो आभाळाले बी तेच इचारून राह्यला. त्याचं धान उभं हाय, चाची. त्याच्या एकट्याचं नाई, साऱ्या गावाचं. आन् मी इथी एका बांगडीपुढे हात टेकून बसली हावो.

बाकी सारं ठीक हाय. काळजी करू नका. चाचाले सांगा, दुकान एकदम मस्त चालून राह्यलं.

तुमची
रंजीता

ता. क. (मंगळवार संध्याकाळ) – लाइन आली, पण मशीन चालू केली नाई. चाची, एक लहानसं काम होतं. काम म्हणजे काईच नाई. चाचा जेवाले बसले का तुमी सहज हातातली बांगडी फिरवत म्हणा, का ही बांगडी आतून जरा मोठी करून पाह्यजे, पातळ हाय, दबली नाई पाह्यजे, तं लेथवर कशात पकडाव लागन? एवढंच. माझं नाव घ्याचं नाई. ते काय सांगतात ते जोयाच्या हातानं लिहून धनराजभाऊच्या परतीच्या गाडीत पाठवा. हे मी इचारलं असं होत नाई, कारण तुमी इचारलं. बांगडी बी तुमची हाय. मी लई इचार केला ह्याचा, इमानदारीत कुठीच खोट नाई.

ता. क. २ (बुधवार) – चाची, बांगडीचं काई इचारू नका. पत्र अजून इथीच हाय, मापाच्या पट्टीखाली दाबून ठेवलं होतं, म्हणून त्यातच लिहून राह्यली.

आज सकाळी अन्नपूर्णाबाईनं चहाची किटली आणली. ती तिनं ठेवली एका सागाच्या पाटावर. तसे पाच पाट आपल्या दुकानात मागच्या भिंतीले खिळ्यावर टांगले होते, तुमाले आठवत असन. गोल, मधात खड्डा, मागून चार भोकं. मले सहा वर्षं वाटत आलं का चाचा फुरसतीत स्टूल बनवाले बसतात आन् पाय लावाच्या आधी कंटाळतात. चाचा गेल्यावर मी झाडझूड केली आन् वाटून टाकले. एक आईच्या माठाखाली, एक अन्नपूर्णाबाईले किटलीसाठी, दोन मिलमधल्या हमालाईले बसाले, एक तुमाले. किटली उचलली, आन् माया हातात ती रिंग होती, मी ती नुसती खड्ड्यात ठेवली. चाची, ती बसली. सैल नाई, घट्ट नाई. थोडी जागा होती, कागद सरकन एवढी. मी पाट उलटा केला. चार भोकं. पळत फेसप्लेटवर नेऊन धरला. चारही भोकं खाचाईवर.

अवं माय! मी तिथीच खाली बसली. पस्तीस वर्षं चाचा पातळ वस्तू लाकडात बसवून खराडत होते. पाट फेसप्लेटले आवळाचा, रिंग खड्ड्यात ठोकाची. दाब साऱ्या बाजूनं सारखा, तीन जागी नाई, चार जागी नाई. त्याईनं मले दाखवलं काऊन नाई? का दाखवलं होतं आन् मी तवा चहा आणाले गेली होती? मले काईच आठवत नाई. किटलीच्या पाटात कागदाएवढी जागा राह्यत होती, म्हणून लहान खड्ड्याचा दुसरा एक पाट घेतला (हमाल त्यावर बसला होता, त्याले उठवलं, तो अजून रागात हाय), त्याचा खड्डा रिंगच्या मापानं खराडला, रिंग लाकडी हातोडीनं हळू हळू आत बसवली, आन् आतून कापली. दसरूभाऊनं पंखा फिरवला. मी कान लावला. काई नाई. परत फिरवला. काईच आवाज नाई. ह्या वेळी त्यानं आभाळाकडे पाह्यलं नाई, म्हणाला, "बाई, हे झालं." आन् रिंग आपल्या दुपट्ट्यात बांधून निघाला.

म्हणजे तुमच्या हातात जो पोळपाट हाय तो पोळपाट नाई. तो लेथचा पाट हाय. चाचा त्यावरची पोळी महिनाभर खाऊन राह्यले आन् तोंडातून एक शब्द काढला नाई त्याईनं. आता समजलं मले ते हासू कशाचं होतं. इतका राग आला, इतका राग आला, का मी एकटीच दुकानात हासत बसली.

आता एकच घोळ. हे मी केलं म्हणाव का चाचानं सांगतलं म्हणाव? पाट त्याईचे. पण सांगतलं तं नाई. मी इचारलं बी नाई. किटलीनं सांगतलं. तं मशीन कोणाची?

ता. क. ३ (गुरुवार सकाळी, गाडी उभी हाय, धनराजभाऊ हॉर्न वाजवून राह्यला) – दसरूभाऊ आता येऊन गेला. पंप पाणी फेकून राह्यला, शेवटच्या बांधीपर्यंत, टोकाच्या वावरापर्यंत, पोचलं म्हणते. त्याच्या गावात नवं खाण्याचा दिवस हाय, पुढच्या आठवड्यात (वरच्या बांधीतलं हलकं धान आधीच पिकलं, त्याचं). तुमाले माहीत हाय, त्या दिवसाआधी नवं धान कोणी तोंडात घालत नाई, आधी देवाले, मंग माणसाले. त्याच्या देवाच्या नावानं पहिला घास काढला का दुसरा घास ज्याच्या हातानं पाणी आलं त्याच्या पानात वाढाचा, असं गावानं ठरवलं. मले बोलावलं. आन् मी कशी काय बोलून गेली, का हा हात माया उस्तादचा हाय. तं तो म्हणाला, मंग उस्तादले बी आणा, दोन पानं वाढतो.

दिवाळी अजून दूर हाय.

चाची, तुमाले मराठी वाचता येत नाई, तुमी फक्त उर्दू वाचता. हे मले सहा वर्षापासून माहीत हाय. जोयाले येते, पण घरी आलेलं पत्र चाचा दुसऱ्या कोणाले वाचू देतात का? म्हणजे हे पत्र पहिल्या ओळीपासून चाचाच वाचून राह्यले, त्या नव्या डोळ्यानं, तुमाले मोठ्यानं ऐकवत. हे लिहतानी मले आठवलं नोहतं का? आठवलं होतं बी, नोहतं बी. माझं मलेच समजत नाई.

तं चाचा, ऐका. मी बोलावून राह्यली. या. तुमी नाई आले तं तो दुसरा घास माया गळ्याखाली उतरणार नाई. पैज गेली तं गेली, मशीन श्रीहरीभाऊले देऊन टाका. फक्त देण्याआधी त्याले एकच इचारा, पातळ रिंग कशात पकडते.

येतानी तो पाट घेऊन या. चाचीसाठी दुसरा करून ठेवला हाय, त्याले खड्डा नाई.